कोयीचा आंबा : नांदेड–लातूर परिसर

कलम न बांधता कोय पेरून वाढविलेल्या आंब्याच्या झाडास कोयीचा किंवा रायवळ आंबा म्हणतात. गावठी आंबा, देशी आंबा ही नावेही मराठवाड्यात रूढ आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने रायवळ हा एखादा वेगळा वाण नाही. हापूस, केशर व लंगडा यांच्याप्रमाणे तोही मँजिफेरा इंडिका या जातीत (कुल अ‍ॅनाकार्डिएसी) मोडतो. फरक आहे तो उत्पत्तीचा. हापूसची सर्व झाडे ही एका मूळ झाडाच्या फांद्यांचाच विस्तार होत, कारण प्रत्येक कलमात त्या झाडाचा डोळा किंवा काडी वापरलेली असते. रायवळ आंब्याचे प्रत्येक झाड मात्र स्वतंत्र व्यक्ती असते. त्याच्यासारखे दुसरे झाड पूर्वी नव्हते आणि ते तोडल्यावर, कलम करून ठेवले नसेल तर, पुन्हा मिळत नाही. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील फळझाडांच्या इतिहासात या साध्या गोष्टीला मोठे महत्त्व आहे.

आंब्याच्या मोहोरात नर व द्विलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले असतात. परागण मुख्यतः माश्या व इतर कीटक करतात. एका मोहोरातील शेकडो-हजारो फुलांपैकी फारच थोड्यांचे फळ होते व शेजारच्या कोणत्या झाडाचा पराग त्यास लाभला हे सांगता येत नाही. भारतातील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो व तो या संकरातून निर्माण होतो. त्यामुळे गोड आंब्याच्या कोयीपासून आंबट, रेषाळ किंवा अगदी बेचव फळांचे झाड निपजू शकते. उलटही घडते. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील काही आंब्यांच्या कोयीत अनेक गर्भ असतात आणि त्यांतील बहुतेक मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार झालेले असल्याने रोपे मूळ झाडासारखी निपजतात. पण मराठवाड्यातील आंबा या गटातील नाही. ‘गोड आंब्याची कोय लावली म्हणजे गोड आंबा येतो’ ही समजूत म्हणून फसवी ठरते. आईबापांच्या गुणांची छाया रोपावर पडते, हमी मात्र नसते.

घरी बी रुजवून फळझाड वाढवू पाहणाऱ्यास जगात सर्वत्र हाच अनुभव येतो. त्याचे एक जुने उदाहरण ऑलिव्हचे आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर हे झाड सु. सहा हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आले असे मानतात. बीपासून वाढविलेले ऑलिव्ह बहुधा लहान फळांच्या, कमी तेलाच्या रानटी झाडाकडे झुकते, त्याची आठी फुटण्यास वेळ लागतो आणि फळे धरण्यास दहा किंवा अधिक वर्षे जातात. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी फार पूर्वीच छाट व कलम यांचा आश्रय घेतला. राजस्थानात २००७ नंतर इझ्राएलच्या साहाय्याने ऑलिव्हची जी लागवड झाली तीही बियांपासून झाली नाही, निवडक वाणांच्या तयार रोपांपासून झाली. मोहोर येण्यासाठी ऑलिव्हला हिवाळ्यात बराच काळ थंडी लागते. मराठवाड्यातील हिवाळा त्यास पुरेसा नाही. येथे कुंडीत उगवलेले ऑलिव्ह पाने देईल, फळांची आशा धरता येत नाही. परसदारात बी पेरून पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे झाड वाढविण्याची हौस या भागात आंब्याने व चिंचेने भागविली.

नांदेड व लातूर हे गोदावरीच्या खोऱ्यातील जिल्हे होत. पूर्वी हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. लातूर हा जिल्हा उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळा काढण्यात आला. सरासरी वार्षिक पाऊस लातूरकडे सु. ८०० मिमी., नांदेडकडे सु. ९०० मिमी. असून किनवट–माहूरच्या डोंगराळ भागात तो अधिक पडतो; तथापि सरासरीवरून येथील पावसाचा लहरीपणा कळत नाही. जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली, काळी, चिकण व उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. अशा भारी जमिनीत पाणी साचून राहिले की आंब्याची मुळे कुजतात. म्हणून जुनी झाडे भर शेतात क्वचितच दिसतात. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी इ. नद्यांचे गाळाचे काठ, ओढ्यांच्या दरडी, विहिरीची थारोळी, मुरमाड उताराचे बांध आणि गावालगतची परसे ही त्यांची ठिकाणे होत. ही जागा कोणी शास्त्र वाचून निवडलेली नाही. पुष्कळदा ती निवडलेलीच नसते: विहिरीवर न्याहारीला बसलेल्या माणसाने आंबा चोखून कोय टाकली आणि पाटाच्या ओलाव्यावर ती रुजली, एवढीच अनेक झाडांची जन्मकथा असते.

इतिहास : आंब्याचा मोहोर हा या प्रदेशाच्या साहित्यात फार प्राचीन काळापासून येतो. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात गोदाकाठच्या ग्रामजीवनाबरोबर आम्रमंजिरीचे उल्लेख आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेद हा स्वतंत्र अध्याय असून त्यात पेरणीपूर्वी बियांवर करावयाचे संस्कार आणि एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बसविण्याची कृती, अशा दोन्हींचे वर्णन आढळते. म्हणजे कलमाची कल्पना भारतात पोर्तुगीजांनी प्रथम आणली असे म्हणणे बरोबर ठरत नाही. आंब्याच्या बाबतीत मात्र निवडक झाडांची भेट कलमे करून त्यांना नावे देण्याची पद्धत सोळाव्या–सतराव्या शतकांत गोव्यात भरभराटीस आली, यात शंका नाही. गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात आंब्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले असून मुंबई बेटावरील आपल्या बागेत वर्षातून दोन बहार देणारे झाड असल्याचे नमूद केले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने गोव्याच्या आंब्यांची जी नावे दिली आहेत, त्यांत व्यक्तींची नावे आहेत. ज्या झाडाला माणसाचे नाव मिळाले ते झाड कोणाच्या तरी कोयीतूनच उगवलेले होते. लखनौजवळच्या दशहरी गावातील झाडापासून दशहरीचा प्रसार झाला, तोही असाच.

भेट कलमासाठी कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ मचाणावर बांधून दोन-तीन महिने रोज पाणी द्यावे लागते. मातृवृक्ष जवळ असावा लागतो व राबणारी माणसेही हाताशी असावी लागतात. साहजिकच कलमी बागा दरबारी मंडळी, जहागीरदार व शहरालगतचे बागवान यांच्यापुरत्या राहिल्या. हैदराबाद शहराभोवती हिमायत, बेनिशान यांसारखे नामांकित आंबे जोपासले गेले. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून सुरू झाल्यावर हैदराबादशी दळणवळण सोपे झाले. पण कंधार, मुखेड, उदगीर, निलंगा, अहमदपूर या भागांतील सामान्य शेतकऱ्याचा आंबा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोयीचाच होता.

निवड नव्हती असे मात्र नाही. ती वेगळ्या रीतीने होत असे. उगवलेल्या झाडाला फळ येईपर्यंत सात ते दहा वर्षे वाट पाहावी लागे. फळ चांगले निघाले तर झाड राही आणि त्यास नाव मिळे. आंबट निघाले तर ते लोणच्यासाठी राखले जाई व अगदीच कुचकामी ठरले तर सरपणाला जाई. नावे फळाच्या रूप-रस-गंधांवरून पडत. शेपूसारखा वास येणारा तो शेपू, शेंदरी झाक असलेला शेंद्र्या, गोल तो लाडू किंवा गोटी, लांबट तो केळ्या, पांढरट घट्ट गराचा खोबऱ्या, अतिशय गोड तो साखऱ्या. एका गावचा शेपू व दुसऱ्या गावचा शेपू हे एकच झाड नव्हे, एकच वाणही नव्हे. नाव वर्णनाचे आहे, वंशाचे नाही. आंब्यांच्या याद्या तयार करताना हा भेद ध्यानात न घेतल्यास शंभर झाडांची दहा नावे होतात आणि उरलेली नव्वद कागदावरून नाहीशी होतात.

रायवळ फळ बहुधा लहान, पातळ रसाचे व रेषाळ असते. ते कापून खाण्याचे नसून माचून चोखण्याचे किंवा रस काढण्याचे फळ आहे. झाडाला पाड लागला, म्हणजे पहिली फळे आपोआप पिकून गळू लागली, की उतरणी सुरू होई. झेल्याने काढलेल्या कैऱ्या गवताच्या किंवा कडब्याच्या अढीत घालून पिकवीत. पुष्कळ घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांना नैवेद्य दाखविल्यावाचून आंबा खात नसत. या प्रथेमुळे कोवळी फळे उतरविण्यास आपोआप आळा बसे, हा तिचा एक व्यावहारिक लाभ. भरल्या वर्षी मोठे झाड हजारो फळे देते व पुढच्या वर्षी बहुधा विसावा घेते. एवढी फळे एका घराला संपत नाहीत. बलुतेदार, शेजारी, लेकीबाळी यांना आंबे पोचते करण्याचा जो रिवाज होता त्यामागे औदार्याइतकीच ही विपुलता होती. शेताच्या वाटण्या होत तेव्हा जमीन एकाकडे जाई आणि आंबा मात्र सर्व भावांत सामाईक राही, असे प्रकार अनेक गावांत आढळतात. पुढे याच सामाईकपणामुळे कित्येक झाडे वाचली आणि त्याच कारणामुळे कित्येक तुटलीही. वाद मिटविण्याचा सर्वांत सोपा मार्ग लाकूडव्यापारी दाखवीत असे.

कोय रुजविण्याची रीत : आंब्याची कोय साठवून ठेवता येत नाही. ज्वारी किंवा तूर यांचे बी वाळवून वर्षभर ठेवतात; कोयीतील गर्भ मात्र वाळला की मरतो. फळ खाल्ल्यापासून तीन-चार आठवड्यांत ती मातीत जावी लागते. मराठवाड्यातील रायवळ आंबा मेच्या उत्तरार्धापासून मृगाच्या पावसापर्यंत पिकतो. कोय टाकण्याची वेळ आणि पहिल्या पावसाची वेळ अशा रीतीने जुळून येते. उकिरड्यावर, परसात, बांधाच्या कपारीत जून महिन्यात तांबूस पालवीची रोपे दिसतात ती यामुळेच. मुलांनी उगवत्या कोयीची टोके दगडावर घासून वाजविण्यासाठी पिपाणी केली नाही आणि शेळीने शेंडा खाल्ला नाही, तर त्यांतले एखादे वाढीस लागते.

हेतुपूर्वक लावावयाचे असल्यास पूर्ण पक्व, निरोगी फळाची कोय घ्यावी. ती धुऊन एक-दोन दिवस सावलीत ठेवतात; उन्हात वाळविणे घातक असते. पाण्यात टाकल्यावर तरंगणाऱ्या कोयी पोकळ किंवा किडलेल्या असण्याचा संभव असल्याने त्या काढून टाकतात. कोयीत भुंग्याची अळी वाढत असल्यास बाहेरून सहसा कळत नाही. कठीण कवच अलगद उकलून आतील बी पाहिले तर ते उघडकीस येते आणि कवच निघाल्याने उगवणही लवकर होते. कोय आडवी न टाकता कडेवर उभी ठेवावी, तिची बाकदार फुगीर कड वर व खोलगट कड खाली यावी, म्हणजे कोंब वळसा न घेता सरळ वर येतो. पाच-सात सेंमी. खोली पुरे होते. उगवण दोन ते तीन आठवड्यांत होते. नवी पाने तांबूस, लोंबती असतात आणि हिरवी होईपर्यंत फार नाजूक असतात.

उगवणीपेक्षा पहिले दोन उन्हाळे काढणे कठीण असते. लातूर–नांदेडकडे एप्रिल–मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. यासाठी जुन्या लोकांनी वापरलेले उपाय साधे आहेत. रोपाशेजारी बारीक छिद्र पाडून त्यात चिंधीची वात घातलेले मडके पुरतात आणि आठवड्यातून एक-दोनदा भरतात. नैर्ऋत्येच्या बाजूने तुराट्यांचा किंवा कडब्याचा आडोसा करतात. गुरे-शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालतात. खड्डा उन्हाळ्यात खणून तापू देऊन मुरूम, गाळमाती व शेणखत यांनी भरलेला असल्यास भारी जमिनीतही निचरा साधतो.

सोटमूळ : कोयीच्या आंब्याची खरी संपत्ती जमिनीखाली असते. कोय फुटताच आधी सोटमूळ खाली जाते व शेंडा त्यानंतर वर येतो. जागेवरच रुजलेल्या झाडाचे हे मूळ मुरमाच्या थरांतून व खडकाच्या भेगांतून खोलवर जाऊन ओलावा गाठते. रोपवाटिकेतील प्लॅस्टिकच्या पिशवीत रोप फार दिवस राहिले, तर तेच मूळ तळाशी वेटोळे घालते किंवा स्थलांतर करताना तुटते व त्यानंतर झाडाचा भर वरच्या थरातील आडव्या मुळांवर राहतो. ठिबक सिंचनाचे पाणी मिळणाऱ्या बागेत याने फारसे बिघडत नाही. पाणी बंद झाले की बिघडते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विंधन विहिरी वाढत गेल्या, भूजल खोल गेले आणि २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात पाण्यावाचून तग धरणारे मूळ ही गौण बाब मानता येत नाही.

फळाची हमी कलमात आणि मुळाची हमी कोयीत, अशी ही कोंडी आहे. ती सोडविणारी पद्धत उपलब्ध आहे. तिला जागेवरील कलम म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी कायमच्या जागी दोन-तीन रायवळ कोयी पेरतात, त्यांतील जोमदार रोप राखतात आणि ते पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर, साधारणपणे दुसऱ्या पावसाळ्यात, त्याच्या कोवळ्या शेंड्यावर हव्या त्या वाणाची काडी पाचर पद्धतीने बसवितात. यास मृदुकाष्ठ कलम अशी संज्ञा आहे. कोकणात पंधरवड्याच्या रोपावर करावयाचे कोय कलम फार यशस्वी झाले. पण त्यास हवेत भरपूर आर्द्रता लागते. मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत जागेवरील मृदुकाष्ठ कलम अधिक भरवशाचे ठरते. मेहनत अधिक आणि झाडे विखुरलेली, म्हणून रोपवाटिकांना त्यात नफा नाही. ही पद्धत मागे पडण्याचे कारण शास्त्रीय नसून व्यापारी आहे.

केशरचे आगमन : आज मराठवाड्यात आंब्याची बाग म्हणजे केशरची बाग असे समीकरण झाले आहे. केशर हा मूळचा जुनागढचा. तेथील वजीर सालेभाई यांच्या बागेतील आंब्याची कलमे १९३१ च्या सुमारास गिरनारच्या पायथ्याशी लावण्यात आली व १९३४ मध्ये नबाब महाबतखान तिसरा याने गराच्या रंगावरून त्यास केशर हे नाव दिले, असा त्याचा वृत्तांत आहे. हा आंबा मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चांगला रुळला. हापूस मात्र समुद्रापासून इतक्या दूर तसा रुळला नाही. परभणी येथे १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) स्थापन झाले. त्याचे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील हिमायतबागेतील फळ संशोधन केंद्र आंबा, चिंच इ. फळझाडांवर काम करीत आले आहे. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला आणि अल्पभूधारकांच्या शेतातही कलमे पोचली. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना अमलात आली. मराठवाडा केशर आंब्यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले.

कलमी बाग चार-पाच वर्षांत फळे देऊ लागते, १० × १० मी. अंतराने हेक्टरी शंभर झाडे बसतात, फळ एकसारखे असल्याने व्यापारी जागेवर येऊन भाव करतो. कर्ज काढून शेती करणाऱ्याने रायवळाची दहा वर्षे वाट पाहावी, असे कोणी सुचविणार नाही. केशरने अनेक कुटुंबांना पैसा दिला हे मान्यच करावे लागते. प्रश्न आहे तो केशर कशावर उभा आहे हा. केशरच्या प्रत्येक कलमाचा खालचा अर्धा भाग, म्हणजे मूळ व खुंट, रायवळ कोयीचाच असतो. रायवळ झाडे कमी होत गेल्याने रोपवाटिकांना कोयी मिळवाव्या लागतात त्या रस-प्रक्रिया उद्योगांतून किंवा बाजारातून. त्या कोणत्या हवेतल्या, कोणत्या जमिनीतल्या झाडाच्या आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. मांजरेच्या काठी शंभर वर्षे उन्हाळे काढलेल्या झाडाच्या कोयीचा खुंट आणि परप्रांतातील ओलिताच्या झाडाच्या कोयीचा खुंट यांत फरक पडेल, हे अनुमान निराधार म्हणता येणार नाही.

ऱ्हास : महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत आंबा व चिंच यांचा समावेश असून परवानगीवाचून ती तोडता येत नाहीत. असे असताही रायवळ झाडांची संख्या घटत गेली. वाटण्यांमुळे शेते लहान झाली. ट्रॅक्टरच्या नांगरटीत बांध आकसले. सोयाबीन व ऊस यांच्या पट्ट्यात विस्तीर्ण सावलीचे झाड ‘नुकसानीचे’ ठरू लागले. वीटभट्ट्या, खोकी व फळ्या यांसाठी आंब्याच्या लाकडाला गिऱ्हाईक सदैव तयार असते. रस्त्यांच्या रुंदीकरणात कडेची झाडे गेली. उंच झाडावर चढून आंबे उतरविणारी माणसेही आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे फळे गळून फुटतात आणि ‘यातून काही मिळत नाही’ हे शेतकऱ्याचे म्हणणे खरे होते. एका झाडाच्या लाकडाची रोकड रक्कम समोर दिसत असताना पुढच्या पन्नास वर्षांच्या फळांचा हिशेब मांडणे अडचणीतील माणसाला परवडत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

आमराईतील विविधतेचा एक लाभ सहसा नोंदला जात नाही. कोयीची झाडे एकाच वेळी मोहरत नाहीत. एखादे डिसेंबरात फुलते, एखादे फेब्रुवारीत. एकाची फळे मेच्या मध्यास उतरतात, दुसऱ्याची आषाढापर्यंत टिकतात. फेब्रुवारी–मार्च २०१४ मध्ये लातूर, नांदेडसह मराठवाड्यात मोठी गारपीट झाली, त्यासारख्या प्रसंगी एकाच अवस्थेतील कलमी बाग एका दिवसात झडते. पुढे-मागे मोहरणाऱ्या झाडांत काहीतरी हाती लागते. रोगकिडींच्या बाबतीतही मिश्र झाडोऱ्याचा आघात सौम्य असतो. नवे वाण निर्माण करण्यासाठी लागणारे गुण, उदा., उशिरा मोहरणे, दरवर्षी फळणे, टिकाऊ साल, खारट पाण्यात तगणे, शोधावे लागतात ते अशाच झाडांत. दापोली येथे १९८१ मध्ये नीलम व हापूस यांच्या संकरातून रत्ना हा वाण प्रसारित झाला. त्याचे दोन्ही पूर्वजही मागे कधीतरी कोयीतूनच उगवले होते.

चिंचेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तीही या भागात बीपासूनच वाढली आणि तिचीही झाडे एकमेकांपासून भिन्न असतात; पण चिंचोका कोयीसारखा नाशवंत नसतो, चिंच टिकते व लातूरच्या बाजारात तिला भाव आहे. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोली या गावच्या चिंचेस २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाल्याने गावच्या झाडांना कागदोपत्री ओळख लाभली. रायवळ आंब्याला अशी ओळख मिळणे कठीण, कारण त्याचे एक गाव नाही की एक चव नाही. कर्नाटकातील मलनाडमध्ये लोणच्याच्या अप्पेमिडी आंब्याबाबत अवलंबिलेला मार्ग येथे अधिक उपयोगी वाटतो. तेथे नदीकाठच्या कोयीच्या झाडांतून वास व टिकाऊपणा पाहून एकेक झाड निवडले गेले, त्यास नाव दिले गेले आणि त्याची कलमे शेतकऱ्यांच्या बागांत गेली. पीक वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याखाली शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची त्याच्या नावे नोंदणी करण्याची तरतूद आहे.

गावातील जुने झाड राखावयाचे असल्यास त्याची कोय पेरून भागत नाही. कोयीतून त्याचे अपत्य मिळते, ते झाड मिळत नाही. त्यासाठी काडीच घ्यावी लागते. तीन-चार महिने वयाची, डोळे फुगलेली, अजून न फुटलेली शेंड्याची काडी १० ते १५ सेंमी. लांब कापतात, कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून छाटलेली असल्यास डोळा जोमदार होतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती दोन-तीन दिवस टिकते, त्यापुढे भरवसा नाही. फार जुन्या झाडावर अशा काड्या सहज सापडत नाहीत. एखादी फांदी आदल्या हंगामात छाटून नवी फूट आणावी लागते. म्हणून ही तयारी झाड उभे असतानाच, एक वर्ष आधी करावी लागते. कलम बांधण्यास योग्य काळ जुलै ते सप्टेंबर हा होय. खुंट म्हणून त्याच परिसरातील कोयीचे, जागेवर रुजलेले रोप वापरावे.